बिनडोक्याचं पापलेट आणि सहा हजाराचं बिल: मासे खायला जाताय तर हे वाचून जा

पुण्यात मासे खायला हॉटेलात जाणाऱ्यांनी हे जरा वाचाच, विशेषतः ज्यांच्या घरी मासे फारसे होत नाहीत आणि पाहुणे आले की "चला आज मालवणी खाऊ" असं ठरतं त्यांनी. हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की सगळे त्या एकट्यावर तुटून पडतात आणि बाकीच्या ठिकाणी तोच धंदा आरामात चालू राहतो. आणि दाखवायचा एक मासा, वाढायचा दुसरा, ही युक्ती त्या एकाची नाहीये हे मला नंतर मासेवालीकडूनच कळलं.

गटारीच्या आधीचा रविवार. नागपूरहून नणंद, तिचे मिस्टर आणि भाचा आलेले, सासूबाई होत्याच, म्हणजे आम्ही सहा जण. सासूबाई रेवदंड्याच्या, त्यांचं अर्धं आयुष्य समुद्राशेजारी गेलंय, पण गुडघ्यांमुळे आता ओट्यापाशी उभं राहवत नाही आणि मला मासे साफ करणं जमत नाही, म्हणून बाहेर. नवऱ्याने रेटिंग बघून जागा शोधली, साडेचारच्या वर स्टार, हजारो रिव्ह्यू. हे स्टार कसे येतात ते टेबलावरच कळलं, कोपऱ्यात क्यूआर कोडचा स्टँड आणि खाली लिहिलेलं "फाइव्ह स्टार द्या, एक सोलकढी फ्री". रिव्ह्यू वाचले तर निम्मे "अमेझिंग फूड, कॅप्टनभाऊ खूप हेल्पफुल" असे, आणि ते लिहिणारा माणूस टेबलावर बसूनच, कॅप्टनभाऊ शेजारी उभा असताना लिहीत असणार हे उघड आहे.

बाहेर पाऊण तास वेटिंग, गटारीला असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. आत बसलो तर बसल्या बसल्या पाण्याच्या तीन बाटल्या फटाफट सील तोडून ठेवल्या, कोणी विचारलं नाही. मग मेनू. थाळ्यांचे भाव छापलेले आणि मोठ्या माशांपुढे सगळीकडे तीनच अक्षरं, एपीएस. म्हणजे ॲज पर साइज, जसा मासा तसा भाव. ही पद्धत स्वतःहून वाईट नाही, बाजारात भाव रोज बदलतो, पापलेट तर सोन्यासारखं वरखाली होतं, त्यामुळे हॉटेलवाल्याने भाव छापला तर त्याला रोज मेनू बदलावा लागेल. पण याच तीन अक्षरांमागे वाटेल ते घालता येतं.

कॅप्टन एकदम गोड बोलणारा. "आजी, काय खाणार? थांबा, तुम्हाला मासाच दाखवतो." म्हणून आतून ट्रे आणला, बर्फावर दोन मस्त पापलेटं, चांदीसारखी, डोळे स्वच्छ, सासूबाईंनी कल्ला उचलून बघितला, लाल होता, खूश झाल्या. मी विचारलं, दादा याचं कसं? तर "मॅडम बाराशे-तेराशेच्या आसपास बसेल, वजन करून सांगतो, आजच सकाळी मालवणहून गाडी आलीये". इथे सासूबाई हसल्या. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात म्हणून. या दिवसांत जे पापलेट हॉटेलात येतं ते बर्फातलं किंवा पूर्व किनाऱ्याकडून, कारण तिकडची बंदी जूनच्या मध्यात संपते. बर्फातलं देणं हा काही गुन्हा नाही, नीट ठेवलेलं असेल तर चवीला बरंही लागतं, पण "आज सकाळी मालवणहून" हे जुलैमध्ये जो सांगतो तो पुढे काय काय सांगेल याचा अंदाज तिथेच येतो. तरी मासा समोर दिसत होता, ताजा वाटत होता, दोन सांगितली, तवा फ्राय. वजन करून सांगतो म्हणाला होता ते काही परत येऊन सांगितलं नाही.

अर्ध्या तासाने पापलेट आलं. वरून रव्याचा जाड थर, कढीपत्ता, कांदा लिंबू, एकदम फोटोजेनिक. आणि डोकं नाही. शेपूटही छाटलेली. सासूबाई पहिलं वाक्य काय बोलल्या, "याचं डोकं कुठे गेलं?" कॅप्टन म्हणाला आजी, शहरातल्या लोकांना डोकं आवडत नाही, मुलं घाबरतात. बरं. मसाला खरंच चांगला होता, खोटं कशाला बोलू, त्रिफळाचा हलका वास होता, तिखट बेताचं. पण आत मासा भरड, आणि मसाल्याखाली एक मातकट वास, तळ्यातल्या माशाला येतो तसा. आणि मग भाच्याने तोंडातून काटा काढला. मग दुसरा. बारीक, दोन फाटे असलेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पापलेट लहान मुलांना का देतात? कारण मधला काटा सरळ उचलून निघतो, मांसात बारीक काटे नसतात. सासूबाईंनी ताट पुढे ओढलं, बोटाने रवा खरवडला, खालची कातडी बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे पापलेट नाही. हा रूपचंद आहे."

रूपचंद म्हणजे मूळचा दक्षिण अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, आपल्याकडे शेततळ्यात वाढवतात, आकार पापलेटसारखा चपटा गोल, पोटाकडे लालसर. खायला वाईट नाही, खूप लोक आवडीने खातात. पण आमच्या बाजारात तो दोन-अडीचशे रुपये किलोने मिळतो आणि मोठं पापलेट हजाराच्या कितीतरी वर. दोघांच्या भावात एवढा फरक असल्यावर ज्याला फसवायचं आहे तो फसवणारच. आणि डोकं का उडवलं ते मासेवाल्या मावशींनी नंतर सांगितलं, "अगं, त्याला माणसासारखे दात असतात, डोकं ठेवलं असतं तर पोरानेसुद्धा ओळखलं असतं." पापलेटचं तोंड एवढंसं असतं, दात दिसतसुद्धा नाहीत. म्हणजे ट्रेमध्ये एक मासा दाखवायचा आणि तव्यावर दुसरा टाकायचा, आणि तो ट्रे रात्रभर टेबलाटेबलावर फिरत राहतो. आम्ही बसलो होतो तेवढ्या वेळात तो बर्फावरचा ट्रे मागच्या टेबलावर जाताना मी स्वतः बघितला, आणि त्यावर दोन पापलेटं तशीच, जिथल्या तिथे. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, समुद्रातलं पापलेट कमी होतंय म्हणून. त्या हॉटेलात काही ते कधी कमी होणार नाही.

मॅनेजरला बोलावलं. आधी "आमच्याकडे असं होतच नाही". मग सासूबाईंनी काटा दाखवला तेव्हा सूर बदलला, "आजी, हे गोड्या पाण्याचं पापलेट आहे, सगळे याला पापलेटच म्हणतात". मी म्हटलं मग मेनूवर तसं लिहा ना, आणि ट्रेमध्ये तेच दाखवा. उत्तर नाही. मग मी म्हटलं ठीक आहे, हे उरलेलं आहे ते पार्सल करून द्या. इथे खरी गंमत. कॅप्टन ताट उचलून आत गेला, दहा मिनिटं आलाच नाही, आणि आला तो रिकाम्या हाताने, "सॉरी मॅडम, नव्या पोराने चुकून डस्टबिनमध्ये टाकलं". सहा जणांच्या टेबलावरचं बाकी सगळं, अर्धी भाकरीसुद्धा, नीट डब्यात भरून आलं, फक्त तो मासा चुकून गेला. नशीब नवऱ्याने काट्यांचे आणि कापाचे फोटो काढून ठेवले होते. तुम्हाला कधी शंका आली तर आधी फोटो, रवा खरवडून, काटा बाजूला ठेवून, आणि ताट टेबलावरून हलू देऊ नका, डबा मागवून स्वतःच्या हाताने भरा.

मग बिल आलं. पापलेट एपीएस 2, प्रत्येकी 1450, म्हणजे 2900. सुरमई थाळी 3, त्यातला सुरमईचा तुकडा शेपटीकडचा आणि एवढा पातळ की पलीकडचं दिसेल, 1440. चिकन थाळी 380, कोळंबी सुकं 420, भाकऱ्या 240, सोलकढी 280. ही सोलकढी थाळीतली नाही, थाळीतली वाटी संपल्यावर वाढपी "घ्या ना" म्हणत ग्लास ठेवून गेला ती. रंग भडक गुलाबी, आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, सोलकढीला असा रंग कधी येत नाही. पाणी 120. एकूण 5780. त्याखाली "एस.सी. 10 टक्के", 578 रुपये. आणि त्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी. सगळं मिळून 6676.

एस.सी. म्हणजे काय विचारलं तर म्हणे स्टाफ चार्ज, कम्पल्सरी आहे, हॉटेलची पॉलिसी. हे नीट लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच नियम काढलेत की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी तर घ्यायचाच नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, सुरुवातीला स्थगिती मिळाली होती, म्हणून बरेच जण अजून "कोर्टाने परवानगी दिलीये" असं सांगतात. पण 28 मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टाने ते नियम कायम केले आणि दोन्ही संघटनांना एकेक लाख भरायला लावले. ते पुढे अपिलात गेलेत ते वेगळं. मी मोबाइलवर बातमी उघडून मॅनेजरपुढे धरली आणि म्हटलं 1915 ला फोन लावते, इथेच बसून. पाच मिनिटांत नवीन बिल, 6069. सर्व्हिस चार्ज गेला, त्यावरचा टॅक्सही गेला. म्हणजे काढता येत होता, फक्त कोणीतरी म्हणेपर्यंत कम्पल्सरी होता.

पाण्याचं मात्र भांडू नका, तिथे आपण हरतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून लोक चिडतात, पण हॉटेलात बसून खाताना बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच सांगितलंय. म्हणून बसल्याबरोबर साधं पाणी मागा, सील तोडायच्या आत.

बिलावर जीएसटी लावलेला पण जीएसटी नंबर कुठेच नव्हता, तोही नवीन बिलावर आला, मागितल्यावर. हा नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्याचा 27 ने सुरू होतो, जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की कोणाचा आहे आणि धंदा कोणत्या प्रकारात नोंदवलाय ते दिसतं. समोर "कम्पोझिशन" असं आलं तर त्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेताच येत नाही, स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. आमचं रेग्युलर निघालं, म्हणजे निदान टॅक्स खरा होता. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी लायसन्स नंबरही बिलावर छापायलाच लागतो, 2022 पासून. तो नसेल तर तेवढाही तक्रारीचा मुद्दा आहे.

माशाचे पैसे मात्र कमी केले नाहीत. "टेस्टिंगला पाठवा, रिपोर्ट आणा" म्हणाला, डस्टबिनमधलं काय पाठवणार कपाळ. पाहुणे अवघडलेले, भाचा पेंगत होता, नणंदेचे मिस्टर तर "जाऊ द्या वहिनी, मी देतो" म्हणून पाकीट काढायला लागले, आणि हॉटेलवाले नेमके यावरच जगतात, पाहुण्यांसमोर कोण भांडणार. नवऱ्याने पैसे दिले, मी दोन्ही बिलं, जुनं आणि नवीन, जपून ठेवली. जुनं बिल ते परत मागत होते, देऊ नका, सर्व्हिस चार्ज लावल्याचा पुरावा तोच.

आता मी मासे सांगताना काय करते ते लिहिते. वजन आणि पूर्ण किंमत, आसपास वगैरे नाही, आकडा, तव्यावर जायच्या आधी विचारायचा आणि कॅप्टनला केओटीवर लिहायला लावायचा, म्हणजे किचनला जी ऑर्डरची चिठ्ठी जाते ना तिच्यावर. ट्रेमधला मासा दाखवला की मोबाइलने फोटो काढायचा, त्याच्यासमोर, हसत हसत. आणि "डोक्यासकट आणा" असं स्पष्ट सांगायचं. एका ठिकाणी एवढं म्हटल्याबरोबर कॅप्टन म्हणाला, मॅडम आज पापलेट नको, बांगडा घ्या, मस्त आहे. घेतला, खरंच मस्त होता, आणि भाव छापलेला होता.

तक्रार दोन ठिकाणी केलीये. एक 1915, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि दुसरी एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, 1800222365 वर, फोटोंसकट. ग्राहक आयोगातही जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण मासाच नसताना तिथे कितपत टिकेल हे वकील मैत्रिणीला विचारतेय. रिव्ह्यूसुद्धा टाकला, एक स्टार, काट्याच्या फोटोसकट. त्यावर हॉटेलकडून लगेच फोन आला, नंबर त्यांना वेटिंगच्या वहीतून मिळाला असणार. बाई फार नम्र होत्या. रिव्ह्यू काढलात तर दोन हजारांचं व्हाउचर पाठवतो म्हणाल्या. मी विचारलं त्यात पापलेट चालेल का. तर म्हणे नाही मॅम, एपीएस आयटम व्हाउचरवर देता येत नाहीत.