नील डायमंड : आधी ‘ट्वेल्व्ह साँग्ज’ की ‘होम बिफोर डार्क’?

‘स्वीट कॅरोलाइन’वाला अमेरिकी गायक-गीतकार नील डायमंड ओळखीचा आहे आणि आता त्याचा उतारवयातला, भपका उतरवलेला एखादा अल्बम घ्यायचा आहे, तर ‘ट्वेल्व्ह साँग्ज’पासून सुरुवात करा. तीन वर्षांनी आलेला ‘होम बिफोर डार्क’ क्रमवारीत जास्त वर गेला, पण तो सवडीने ऐकायचा आहे.

दोन्हींचा निर्माता रिक रुबिन. १९९४ पासून कंट्री गायक जॉनी कॅशच्या अल्बममध्ये त्याने केलं तेच इथेही : वाद्यमेळ मागे, आवाज अगदी कानाशी. शिवाय गाताना गिटार डायमंडनेच वाजवावी, हा रुबिनचा आग्रह. त्याचा परिणाम चटकन कळतो. हात तारांवर गुंतले की आवाज स्टेडियमच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय गळते आणि ओळ बोलल्यासारखी उतरते. साथीला दोन्हीकडे रॉक गायक टॉम पेटीच्या बँडमधले माइक कॅम्बेल आणि बेनमाँट टेंच.

‘ट्वेल्व्ह साँग्ज’ (२००५) मध्ये चालींचं वैविध्य जास्त. ‘ओ मेरी’ जवळजवळ कुजबुजत सुरू होतं, ‘डेलिरियस लव्ह’ जुन्या डायमंडसारखं चढत जातं आणि शेवटचं ‘वी’ चक्क खट्याळ आहे. पुढच्याच वर्षी वारलेला कीबोर्डवादक बिली प्रेस्टनही या अल्बमवर वाजवतो. काही ओळी भाबड्या आहेत, हे खरं. पण साथ इतकी कमी असल्यावर भाबडेपणा लपवायला जागाच उरत नाही.

‘होम बिफोर डार्क’ (२००८) अधिक संथ, अधिक उदास. पहिलंच गाणं सात मिनिटांहून मोठं! हा डायमंडचा अमेरिकेतला पहिला क्रमांक एकचा अल्बम, तोही ६७व्या वर्षी. ‘ट्वेल्व्ह साँग्ज’ चौथ्या क्रमांकापर्यंत गेला होता. त्या आकड्यावर निवड करू नका. काम करता करता लावला तर उत्तरार्धातली गाणी एकमेकांत मिसळून जातात. सहा-सहा गाणी करून ऐका. डिक्सी चिक्स या बँडच्या गायिका नॅटली मेन्सबरोबरचं युगुलगीत मात्र सुटं ऐकलं तरी पकड घेतं.

फोनच्या स्पीकरवर दोन्ही फसतात. त्याच्या आवाजाचा खर्ज तिथे उमटत नाही आणि उरते ती नुसती तारांची खरखर. हेडफोन हवाच.

जुनी सीडी घेणार असाल तर ‘ट्वेल्व्ह साँग्ज’बाबत जपा. १४ गाण्यांची विशेष आवृत्ती मिळाली तर उत्तम. तीत ‘डेलिरियस लव्ह’ बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनसोबतही आहे. पण २००५ मध्ये निघालेल्या पहिल्या अमेरिकी प्रतींवर सोनी बीएमजीचं एक्ससीपी हे कॉपीविरोधी सॉफ्टवेअर होतं. ते विंडोजमध्ये लपून बसतं, म्हणून त्याच नोव्हेंबरात कंपनीने त्या सीड्या परत मागवल्या. केसच्या डाव्या कडेला ‘कंटेंट प्रोटेक्टेड’ छापलंय का ते पाहा. साध्या सीडी प्लेअरला धोका नाही. विंडोज संगणकात मात्र ऑटोरन (सीडी घालताच ती आपोआप सुरू करणारी सोय) बंद केल्याशिवाय घालू नका. आणि ते शिरलंच असेल तर फाइली हाताने खोडू नका, सीडी ड्राइव्हच दिसेनासा होतो.