तोंडातला पांढरा थर: माउथ पेंट लावायचं की फ्लुकोनॅझोलची गोळी घ्यायची?

पावसाळ्यात दमा बळावून पंपाचे पफ वाढले, संधिवातासाठी प्रेडनिसोलोन सुरू होऊन महिने झाले, किंवा अँटिबायोटिकचा एक कोर्स संपतो न संपतो तोच दुसरा लागला. अशा वेळी जिभेवर, टाळूवर किंवा गालांच्या आतून दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर दिसू लागला, तर तो बहुतेक वेळा थ्रश, म्हणजे कँडिडा बुरशीचा संसर्ग असतो. ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात असतेच. पंपातलं स्टेरॉइड आणि प्रेडनिसोलोन (तेही स्टेरॉइडच) तिथली प्रतिकारशक्ती दाबतं, अँटिबायोटिक तिच्या शेजारचे जिवाणू मारून तिला मोकळं रान देतं, आणि अमिट्रिप्टिलिन (नैराश्याची किंवा नसांच्या दुखण्याची गोळी), सर्दीच्या गोळ्या किंवा टायोट्रोपियमचा पंप तोंड कोरडं करतात, म्हणून लाळेने होणारी धुलाई थांबते. मधुमेह असेल तर भरीस भर.

उपचार दोन वाटांनी होतो: जागेवर लावायचं औषध (माउथ पेंट वगैरे) किंवा पोटात घ्यायची बुरशीविरोधी गोळी (फ्लुकोनॅझोल). गोळी सोपी म्हणून बहुतेकांचा ओढा तिकडे असतो. पण ज्यांना थ्रश होतो त्यांच्या डब्यात आधीच चार-सहा गोळ्या असतात, आणि फ्लुकोनॅझोलचं जमत नाही ते नेमकं त्या गोळ्यांशी. त्यामुळे थर किती दाट आहे यापेक्षा डब्यात काय काय आहे, हे निवड करताना जास्त मोलाचं.

आधी तो थ्रशच आहे का?

स्वच्छ गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून थर हलक्या हाताने पुसा. निघाला आणि खाली लालभडक, कधी किंचित रक्त येणारी कातडी दिसली, तर थ्रश. नुसत्या जिभेवर पिवळट-पांढरं किटण असेल, जीभ खरवडल्यावर खालची जीभ नेहमीसारखी दिसत असेल आणि आग होत नसेल, तर त्याला बुरशीचं औषध लागत नाही.

पुसून न निघणारी पांढरी चट्टी वेगळी. ती ल्युकोप्लेकिया (पुढे कर्करोगात बदलू शकणारा चट्टा) असू शकते, गालात जाळीसारख्या रेषा असतील तर लायकेन प्लेनस (बुरशीचा नसलेला, दाहाचा आजार). तंबाखू, सुपारी किंवा दारूची सवय असेल तर अशा चट्ट्यावर महिनाभर माउथ पेंट लावत बसणं धोक्याचं. दोन आठवड्यांत न गेलेला पांढरा किंवा लाल चट्टा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात दाखवावा. तिथे गरज वाटली तर तुकडा काढून तपासतात. सुपारी खाणाऱ्याला तिखटाने झोंबतं आणि हळूहळू तोंड कमी उघडू लागलंय, तर तो सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाची आतली कातडी कडक होण्याचा आजार). बुरशीच्या औषधाचा तिथे उपयोग नाही.

उलटही होतं. थ्रश दर वेळी पांढराच नसतो. अँटिबायोटिकनंतर जीभ नुसतीच लाल, गुळगुळीत होते आणि आमटीचा घोट घेतला तरी आग होते. वरच्या कवळीखाली टाळू कवळीच्या आकारात लाल होतो आणि बऱ्याचदा दुखतही नाही. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. अशा माणसाने फार्मसीत जाऊन ‘तोंड आलंय’ एवढंच सांगितलं की हातात बी-कॉम्प्लेक्स पडतं, नाहीतर ट्रायमसिनोलोनची पेस्ट. बी-कॉम्प्लेक्सने निदान नुकसान होत नाही. ट्रायमसिनोलोन मात्र स्टेरॉइड आहे. आग दोन दिवस कमी होते आणि बुरशी वाढते.

मेथोट्रेक्सेट (संधिवाताची एक गोळी) घेणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. तोंडात फोड, सोललेली जागा, सोबत ताप किंवा अंगावर निळे डाग असतील तर ती औषधाची विषबाधा असू शकते, आणि तिचं एक नेहमीचं कारण म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चुकून रोज घेतली जाणं. अशा वेळी तोंडाला काही लावत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठून रक्ततपासणी करून घ्यावी.

क्लोट्रिमॅझोल माउथ पेंट

थ्रश फक्त तोंडात असेल, गिळताना त्रास नसेल आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेली नसेल, तर सुरुवात इथून करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. 1 टक्क्याचं हे द्रावण जवळपास प्रत्येक फार्मसीत मिळतं. रक्तात फारच थोडं उतरतं, त्यामुळे इतर गोळ्यांशी टक्कर क्वचित. मूत्रपिंड बदललेल्यांच्या टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) पातळी मात्र तेही वाढवू शकतं.

हे औषध ‘लागू पडत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुतेक वेळा वापरण्याच्या पद्धतीत असतो. जेवण झाल्यावर आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, मग 10 ते 20 थेंब स्वच्छ बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने थरावर पसरायचे. जीभ, गालांच्या आतल्या बाजू, टाळू, ओठांची आतली बाजू, काहीच सोडायचं नाही. औषध जितका वेळ तोंडात राहील तितकं काम करतं, म्हणून पुढे अर्धा तास खाणं-पिणं नको. दिवसातून चारदा, आणि शेवटचा हात झोपताना, कारण रात्री लाळ कमी असते. लावलं आणि लगेच चहा प्यायला, तर ते चहाबरोबर पोटात गेलं.

दुसरी गडबड बाटलीच्या मापाची. बाटली बहुधा 15 मिलीची. 20 थेंब म्हणजे साधारण 1 मिली. चारदा लावलं तर दिवसाला 4 मिली, म्हणजे बाटली चौथ्या दिवशी संपते. थर तोवर विरळ झालेला असतो, दुसरी बाटली आणली जात नाही आणि दहा-बारा दिवसांत थर परत दिसतो. कोर्स 7 ते 14 दिवसांचा आहे. 10 थेंबांच्या हिशेबानेही चौदा दिवसांना दोन बाटल्या लागतात, त्या सुरुवातीलाच आणून ठेवाव्यात.

फ्लुकोनॅझोलची गोळी

गोळी सगळीकडे पोचते, लावण्याची कटकट नाही, मध्यम आणि तीव्र थ्रशमध्ये ती सरस आहे. थर घशापर्यंत उतरलाय, केमोथेरपी चालू आहे, एचआयव्ही आहे, हात थरथरतात म्हणून लावणं जमत नाही, किंवा माउथ पेंट नीट वापरूनही सात दिवसांत फरक नाही, तर गोळीच हवी. तोंडाच्या थ्रशसाठी मात्रा रोज 100 ते 200 मिलिग्रॅम, 7 ते 14 दिवस. फार्मसीत सहज मिळणारी 150 ची एकच गोळी योनिमार्गाच्या संसर्गासाठी असते. तिने तोंडाचा थर दोन दिवस मागे हटतो आणि ‘गोळीनेही गेलं नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आता डबा उघडा. वॉरफेरिन किंवा ॲसिनोकूमारॉल (हृदयाच्या झडपेसाठी वगैरे दिली जाणारी, रक्त पातळ करणारी औषधं) चालू असेल, तर फ्लुकोनॅझोल त्यांचा असर वाढवतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. गोळी घ्यावीच लागली तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी) काही दिवसांतच पुन्हा तपासावा लागतो. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी असेल तर साखर अचानक खाली जाऊ शकते: दरदरून घाम, थरथर, गरगरणं. मेटफॉर्मिनला ही अडचण नाही. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिनसोबत स्नायू दुखून इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर कधी ती तेवढ्या दिवसांपुरती थांबवतात. फिट येण्यावरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी वाढते. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ॲमिओडारोन, डॉम्पेरिडोन, क्लॅरिथ्रोमायसिन सोबत असतील तर ईसीजी पाहूनच ठरवावं. क्षयासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर उलटं घडतं, फ्लुकोनॅझोलच कमी पडतं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर मात्रा कमी करतात. गरोदरपणात ही गोळी टाळतात, आणि यकृताचा आजार असेल तर ते आधी सांगावं.

यातलं काहीच लागू नसेल तर गोळी सुरक्षित आणि सोयीची आहे. पण साठीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत असं क्वचितच घडतं.

मायकोनॅझोल, निस्टॅटिन आणि घरचे उपाय

मायकोनॅझोलचं जेल चिकटून राहतं, म्हणून कवळीच्या आतल्या बाजूला लावायला ते माउथ पेंटपेक्षा बरं. पण लावायचं औषध म्हणजे निर्धोक, हा समज इथे फसतो: वॉरफेरिन घेणाऱ्यांमध्ये तोंडात लावलेल्या मायकोनॅझोलनेही गंभीर रक्तस्राव झाले आहेत. अशांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. तान्ह्या बाळाच्या घशात ते अडकू शकतं, हेही घरात लहान मूल असेल तर लक्षात असावं.

निस्टॅटिन आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना ते सर्वांत निवांत. प्रौढांची मात्रा मोठी आहे: 1 मिलीत 1 लाख युनिट असलेलं द्रावण 4 ते 6 मिली, दिवसातून चारदा, तोंडात घोळवून मग गिळायचं. म्हणजे दिवसाला किमान 16 मिली, आणि लहान बाटली दोनेक दिवसांत रिकामी. बऱ्याच द्रावणांत साखर असते. मधुमेहींनी लेबल पाहावं. सगळ्या फार्मसीत ते असतंच असं नाही, आधी फोन करून विचारावं. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशमुळे निस्टॅटिन निकामी होतं, दोन्हींत निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा.

अर्धा चमचा खायचा सोडा पेलाभर कोमट पाण्यात घालून गुळण्या केल्या तर तोंड स्वच्छ राहतं आणि आग कमी होते. औषधाच्या जोडीला चांगलं, औषधाच्या जागी नव्हे. खोबरेल तेलाचंही तेच. फेणीने चूळ भरायला सांगणारा कुणीतरी भेटतोच. सोललेल्या कातडीला दारू लावून फक्त झोंबतं आणि तोंड आणखी कोरडं पडतं. मध आणि टंकणखार चाटवणं तर नकोच, विशेषतः बाळांना. मधात साखर आहे आणि टंकणखार पोटात गेला तर विषारी. जांभळं जेन्शन व्हायोलेट बुरशी मारतं खरं, पण डाग पाडतं आणि कातडीला जखमाही करू शकतं. खाण्याचं विचाराल तर तोंड बरं होईपर्यंत गार पेज बरी. सोलकढीतली मिरची आणि आंबटपणा दोन्ही नडतात.

ज्याने झालं ते औषध तसंच चालू असेल तर

थ्रश झाला म्हणून पंप किंवा प्रेडनिसोलोन आपल्या मनाने बंद करू नये. बुरशी आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. अचानक थांबवलेल्या स्टेरॉइडमुळे मात्र दम्याचा झटका येऊन किंवा रक्तदाब कोसळून रात्रीत गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) गाठायची वेळ येऊ शकते.

पंपाचं गणित सोपं आहे. दाबायच्या पंपाला स्पेसर लावला की औषधाचे मोठे कण नळकांड्यातच अडकतात, घशावर बसत नाहीत. पावडरच्या कॅप्सूलच्या पंपाला स्पेसर लावता येत नाही, म्हणून तिथे गुळणी चुकवून चालत नाही. प्रत्येक डोसनंतर मान मागे करून घशापर्यंत खळखळून गुळणी करायची आणि थुंकायची, दोनदा. पंप सकाळ-रात्री ब्रश करण्याआधी घेतला की हे आपोआप घडतं. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसला तर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो रात्रभरातही वाळत नाही, तेव्हा रात्रीचा डोस घेतल्यावर धुऊन पंख्याखाली ठेवावा. एवढं करूनही थ्रश परत परत होत असेल तर डॉक्टरांना मात्रा कमी करता येईल का, किंवा सिक्लेसोनाइडचा (दुसऱ्या स्टेरॉइडचा) पंप चालेल का, हे विचारा. ते फुप्फुसात गेल्यावरच सक्रिय होतं, म्हणून तोंडाला त्रास कमी देतं.

कवळी असेल तर ती रात्री काढायचीच. ब्रशने घासून 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये दिवसातून दोनदा 15 मिनिटं, आणि रात्रभर पाण्यात. ब्लीच असलेलं द्रावण धातूचा सांगाडा असलेल्या कवळीला चालत नाही, तो गंजतो. तोंडावर उपचार झाला आणि कवळी तशीच राहिली, तर बुरशी तिच्यावरून परत येते. दात घासायचा ब्रशही कोर्स संपताना बदला; टोपण लावून ठेवलेला ब्रश पावसाळ्यात ओलाच राहतो.

गिळताना छातीच्या मागे दुखत असेल, घास अडकत असेल, तर बुरशी अन्ननलिकेत उतरली आहे असं धरून चालावं. तिथे माउथ पेंट पोचत नाही; फ्लुकोनॅझोल 200 ते 400 मिलिग्रॅम, 14 ते 21 दिवस लागतं आणि गरज पडल्यास दुर्बीण घालून पाहतात. कुठलंही औषध चालू नसताना थ्रश झाला, किंवा उपचारानंतर महिन्याभरात परतला, तर उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), रक्तगणना आणि एचआयव्ही या चार तपासण्या टाळू नयेत. म्हापशाचं आझिलो किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, कुठेही गेलात तरी नुसती यादी न नेता गोळ्यांचा अख्खा डबा पिशवीत घालून न्या, पंप आणि डोळ्यांच्या थेंबांसकट, कारण पंपाला औषध न समजण्याची सवय आहे आणि यादीत नेमकं तेच राहून जातं.