व्हँडेलियाचं जुनं विधानभवन : आमदार लिंकन बघायचा तर इथेच या

सेंट लुईसहून आय-७० महामार्ग धरला की साधारण सव्वा तासात व्हँडेलिया येतं. इतकी वर्षं आम्ही नुसते पुढे जायचो. या वेळी आईबाबा आलेत, आणि बाबा गावाला दोन टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, त्यांना असल्या गोष्टींची खूप आवड, म्हणून मुद्दाम उतरलो. बाहेरून साधी पांढरी दुमजली इमारत, समोर मोकळं मैदान. तिकीट नाही, देणगीपेटी आहे, काहीतरी टाकाच.

तेव्हा इलिनॉय राज्याची राजधानी व्हँडेलिया होती, ती इथून हलू नये म्हणून गावकऱ्यांनी १८३६ मध्ये ही घाईघाईने उभी केली, डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं तेव्हा गिलावासुद्धा नीट सुकला नव्हता. आणि गंमत बघा, ती राजधानी स्प्रिंगफिल्डला न्यायचा ठराव २८ फेब्रुवारी १८३७ ला याच इमारतीत पास झाला, तो रेटणारे सँगमन काउंटीचे ९ उंचच उंच लोकप्रतिनिधी, त्यांच्यात आपला अब्राहम लिंकन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच!

वरच्या मजल्यावर सभागृह आहे, तिथे घाई करू नका. मांडणी त्या काळासारखी ठेवलीय, लाकडी टेबलं, त्यावर पिसाची लेखणी, दौत, मेणबत्ती. शेकायला लाकडाची शेगडी. मी एका टेबलापाशी नुसती उभी राहिले आणि अंगावर काटा आला, कारण अधिवेशनं बहुतेक हिवाळ्यातली आणि इलिनॉयचा हिवाळा काय असतो ते आम्हाला माहितीये.

१८३२ च्या निवडणुकीत लिंकन पडला होता, १३ जणांत आठवा. १८३४ ला निवडून आला तेव्हा वय २५, दुकान बुडालेलं, पोस्टमास्तरकी आणि जमीन मोजणीवर पोट. शेजारच्या एका शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले, त्यातल्या ६० चा सूट शिवला आणि घोडागाडीने आला (ते पहिलं अधिवेशन आधीच्या इमारतीत, ती नंतर पाडली). भत्ता दिवसाला ३ डॉलर, तोही अधिवेशन असेपर्यंतच. बाबा म्हणाले, "म्हणजे घरचं खाऊन राजकारण." आमदार एका खोलीत दोघं-दोघं राहायचे, लिंकनही जॉन स्टुअर्ट या वकील आमदारासोबत, आणि त्याच्याच पुस्तकांवर तो वकिली शिकला.

पण मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. जानेवारी १८३७ मध्ये गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव सभागृहात ७७ विरुद्ध ६ ने पास झाला, त्या सहांत हा एक. मग ३ मार्चला त्याने आणि डॅन स्टोन या सहकारी आमदाराने लेखी नोंदवलं की गुलामगिरी अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे. गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्या चळवळीवाल्यांच्या प्रचाराने तिचा त्रास उलट वाढतो असंही त्यात लिहिलंय, तेही वाचा, अर्धवट सांगू नये कोणी. तरी खेड्यातून आलेला २८ वर्षांचा पोरगा, पुन्हा मतं मागायला त्याच लोकांत जायचंय, आणि सही करतो. मी ती खोली सोडून खाली यायलाच तयार नव्हते.

एक सांगते, सभागृहाची गणसंख्या मोडायला लिंकनने खिडकीतून उडी मारल्याचा किस्सा या इमारतीतला नाही, तो १८४० चा, स्प्रिंगफिल्डचा. मुलांना इथल्या खिडक्या दाखवून सांगू नका.

सभागृहाला जिना चढावा लागतो, आईचे गुडघे दुखतात म्हणून ती खाली सुप्रीम कोर्टाच्या खोलीत बसली, तीही बघण्यासारखी आहे. आठवड्यातले काही दिवस बंद असतं, आधी वेळ बघून घ्या. दीड-दोन तास पुरतात. जेवण मात्र बरोबर न्या, आम्ही जिथे गेलो तिथे पाऊण तास ताटकळलो आणि शाकाहारी म्हणून नुसते फ्राइज आले.

पूर्ण दिवस असेल तर पुढे न्यू सेलमला जा, लिंकन राहायचा ते गाव, घरं पुन्हा बांधलेली आहेत, मूळचं एकच, पिंपं बनवणाऱ्याचं दुकान. आम्ही दोनेक तासांत पोचलो. बाबा वाटभर खिडकीबाहेर बघत होते, सपाट मक्याची शेतं, मध्येच म्हणाले, "हे सगळं त्याने गाडीत हादरत पार केलं असेल ना गं, अंगावर तो उसन्या पैशांचा सूट."

माझ्याकडून पाचपैकी पाच.