अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार: आधी पोलीस ठाणं की १४५६६?

जातीवरून शिवीगाळ, मारहाण झाली तर १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन २०२१ पासून आहे. फोन फुकट, अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा अ‍ॅट्रॉसिटी कायदा काय म्हणतो तेही विचारता येतं. ठाण्यात आरोपीच्याच माणसांची ऊठबस असेल तर हा आधार मोठाच.

पण माझं मत ठाण्याकडे झुकतं, कारण गाडी हलते ती एफआयआरनंतर. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८अ मुळे त्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ‘चौकशी करून बघतो’ ऐकून परतू नका. जातिवाचक शब्द जसेच्या तसे, कुणासमोर आणि कुठे उच्चारले तेही नोंदवायला लावा. प्रत मोफत मिळते. शासकीय अर्थसाहाय्याचा पहिला हप्ताही बऱ्याच गुन्ह्यांत एफआयआरवरच. ठाण्याने टाळलंच, तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, आणि १४५६६ लावा.