सोळा लिटरचा बॅटरी पंप, एक अख्खा हंगाम आणि कंपनीचा फुकट वायसर

पाठीवरचा सोळा लिटरचा पंप, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी. पेरणीच्या तोंडावर तालुक्याच्या कृषी केंद्रातून घेतला. किंमत तीन हजारांच्या आतबाहेर, पक्कं बिल, सहा महिन्यांची वॉरंटी. जुलैपासून जानेवारीपर्यंत कपाशी, तूर आणि थोड्या हरभऱ्यावर चालवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच बांधणीचे पंप आमच्या यवतमाळ-पांढरकवडा पट्ट्यात निरनिराळ्या रंगांत आणि स्टिकरांत मिळतात, त्यामुळे ज्याच्याकडे जो असेल त्याला हे लागू पडेल.

आधी चांगलं सांगतो. हाताचा पंप दिवसभर मारला की डाव्या खांद्याचं जे होतं ते इथे होत नाही. दाब सारखा राहतो, त्यामुळे पऱ्हाटीच्या आतल्या पानांपर्यंत आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचतं. तुडतुडे आणि फुलकिडे तिथेच बसलेले असतात. सुरुवातीला एका चार्जिंगवर दहा-बारा पंप, म्हणजे तेवढ्या भरलेल्या टाक्या, व्हायचे, आता सात-आठ होतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा मी ठेवत नाही. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग कितीही चार्ज करा, ती उचलत नाही. म्हणून फवारणी संपली की त्याच रात्री चार्जिंगला लावायची, आणि उन्हाळ्यातही महिना-दीड महिन्यातून एकदा. बहुतेक लोक पंप छपराला टांगतात तो थेट पुढच्या जूनमध्ये काढतात, आणि मग बॅटरीला शिव्या देतात. चार्जरची वायर आखूड आहे, पट्टे खांद्याला काचतात, नोझल ठीक. तणनाशकाला हा पंप लावला नाही. त्याचा जुना पंप वेगळा ठेवला आहे आणि तो वेगळाच राहील.

आता मुख्य भानगड. पोळ्याच्या आधी गड्यानं सांगितलं, “भाऊ, कंबर ओली होऊन राह्यली, अन् चुरचुर करते.” मला वाटलं झाकणातून हिंदकळत असेल. पंप धुऱ्यावर उतरवला, कोरडा पुसला, साधं पाणी भरलं आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला. झाकण कोरडं. थोड्या वेळानं कागदावर खालून ओला डाग पसरला. टाकीच्या बुडाला जिथून नळी मोटरकडे उतरते, तिथला कोपरा पाझरत होता. तिथून पाणी बॅटरीच्या खणात उतरतं आणि खणाच्या भोकांतून नेमकं माणसाच्या कमरेवर येतं. मोटर बंद असतानाही पाझर चालूच, म्हणजे दाबाचा काही संबंध नाही, सांधाच ढिला. टाकीच्या ज्या खाचेत रबरी वायसर बसतो ती खाच एका बाजूला उथळ होती. बोट फिरवलं तरी कळत होतं.

एखाद्या घागरीला पाझर असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. यात औषध असतं. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. त्या वेळी बॅटरी पंपांवरही बरीच बोटं उठली होती. प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसची औषधं पोटात जायची गरज नसते, कातडीतून भिनतात. उकाड्यात घामानं कपडे अंगाला चिकटलेले असले तर आणखी लवकर. बाटलीवरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा, म्हणजे औषध जास्त विषारी, असला की तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, आणि कंबर तर रुमालाच्या हिशेबात कुठेच नसते. तो पंप त्याच दिवशी बाजूला ठेवला, गड्याला साबणानं अंघोळ करायला लावली आणि पुढची फवारणी हाताच्या पंपावर आली.

केंद्रावर गेलो. केंद्रवाल्यानं आधी पिकाच्या टॉनिकची बाटली पुढे केली. “हे घ्या भाऊ, कंपनीकडून समजा. एवढ्याशा पाझरासाठी काऊन वाद वाढवता?” टॉनिकनं वायसर बसत नाही, हे त्यालाही माहीत होतं. बाटली तिथेच ठेवली आणि तक्रार वहीत लिहायला लावली: तारीख, बिल नंबर, पंपाच्या बुडावरचा लॉट नंबर. वहीच्या पानाचा फोटो काढला. मग कळलं की या लॉटच्या तक्रारी आधीच आल्या आहेत आणि कंपनीनं वायसर-क्लिपची पुडी पाठवून ठेवली आहे, जो मागेल त्याला फुकट. मागेल त्याला, हे ध्यानात घ्या. विकलेल्या प्रत्येकाला फोन करून बोलावलं जात नव्हतं.

पुडीसोबत एक छापील कागद होता. त्यावर: “माझ्या तक्रारीचे पूर्ण समाधान झाले असून यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.” खाली सहीला जागा. दहा-वीस रुपयांच्या रबरासाठी एवढी मोठी सही मागतात, यावरूनच कागद कोणाच्या सोयीचा आहे ते समजतं. मी छापील ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: “वायसर व क्लिप मिळाली. गळती थांबली की नाही ते वापरून कळवीन.” केंद्रवाला कुरकुरला, पण पुडी दिली.

शेजारच्या वावरातले काकाजी सोबत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: “फुकट भेटून राह्यलं तं घे ना बाप्पा. आपल्याले पंपाशी मतलब.” त्यांच्या बोलण्यात अर्थ आहे, मी तो उडवून लावत नाही. फुलकिड्यांचा जोर असताना पंधरा दिवस तत्त्वासाठी पंप बंद ठेवणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. घ्यायला हरकत नाहीच. फक्त घेताना आपण हातातून काय सोडून देतो ते पाहायचं. वस्तू घेणं आणि हक्क सोडणं या दोन गोष्टी कंपनी एकाच सहीत बांधते. त्या सुट्या करून घ्यायच्या, आणि त्या सुट्या होतात.

वायसर बसवला. पहिले काही दिवस बूड कोरडं. मग गुलाबी बोंडअळीची फवारणी सुरू झाली आणि महिनाभरात पाझर परत. वायसर काढून पाहिला तर फुगून सैल झालेला. नखानं दाबला की खळगा तसाच राहायचा, बोटाला काळं लागायचं. पुडीतला दुसरा कोरा वायसर शेजारी ठेवला तर फरक डोळ्यांना दिसत होता. याचं कारण बाटलीवरच लिहिलेलं असतं. नावापुढे “ईसी” असलं की ते औषध तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं, आणि बरेचसे द्रावक पेट्रोलियम जातीचे असतात. साधं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. औषधाच्या पंपाला औषध सोसणारं रबर नको का? बरं, वायसर चांगला निघाला असता तरी खाच उथळच होती. दोष टाकीच्या साच्यात आणि इलाज रबराचा.

गावात यावर एम-सीलचा उपाय चालतो. बाहेरून लिंपून काही दिवस काम निघतं. पण एकदा एम-सील लावलं की कंपनीचा माणूस तेच दाखवून वॉरंटी नाकारतो, म्हणून मी हात लावला नाही.

फुकट इलाज म्हणजे खरा इलाज, हे मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही नेहमी खरं नसतं. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियानं बीएल-५सी बॅटरीबद्दल इशारा दिला होता. मात्सुशिता या जपानी कंपनीनं बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, चार्जिंगच्या वेळी तापण्याची शक्यता. बॅटरीच्या मागचा नंबर कळवा, यादीत असेल तर नवी फुकट. दोष बॅटरीत होता आणि बॅटरीच बदलून मिळत होती, त्यामुळे नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. (त्या मापाची बॅटरी आजही आमच्याकडे मेमरी कार्डवाल्या रेडिओत असते, गुराख्याच्या गळ्यात भजनं वाजवत फिरते.) उलट २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ पेटू लागला, कंपनीनं फोन बदलून दिले, तर बदलून दिलेलेही पेटले. पहिल्या बॅटरीतला दोष वेगळा, दुसरीतला वेगळा. शेवटी ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद केलं. पहिल्या बदलीच्या वेळीच कोणी “आता तक्रार नाही” असं लिहून दिलं असतं, तर दुसऱ्या फोनच्या वेळी त्याच्या हातात काय राहिलं असतं?

आपल्याकडचं याहून जवळचं उदाहरण सोयाबीनचं. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात कित्येकांचं बियाणं उगवलंच नाही आणि बदली बॅग देण्याची भाषा झाली. बॅग मिळून काय होतं? नांगरट, खत, पेरणीची मजुरी मातीत गेली, आणि पेरणीची वेळ टळली ती टळलीच. शेतीत सदोष वस्तूची किंमत ही बिलावरच्या आकड्याएवढी कधीच नसते. माझ्या पंपाचंही तेच. वायसर फुकट, पण त्यापायी हाताच्या पंपाला जास्तीचा गडी लागला, फवारणी लांबली, आणि कंबर भाजली ती माझी नाही, दुसऱ्याची.

आणखी एक गोष्ट केंद्रवाले ठासून सांगतात: शेतीचा पंप हा धंद्याचा माल, त्याला ग्राहक कायदा लागत नाही. हे चूक आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू त्यात व्यापारी हेतूची धरत नाहीत. बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलेलं आहे. ग्राहक आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो, पैसे परत आणि वर भरपाईही देववू शकतो. म्हणजे कंपनीनं पुढे केलेला वायसर ही या माळेतली फक्त पहिली पायरी, आणि ती संपली की सगळं संपलं असं कंपनीला वाटत असतं. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, आणि तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, कंपनी गुजरातेत असो की पंजाबात.

“समाधान झाले” वर आधीच सही करून बसलेल्यांसाठी: सगळंच गेलं असं नाही. विम्याच्या एका प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की नुसती पूर्ण भरपाईच्या पावतीवर सही आहे म्हणून ग्राहकाची तक्रार बाद होत नाही. पण सही फसवणुकीनं किंवा दडपणाखाली घेतली हे दाखवायचं ओझं सही करणाऱ्यावर येतं. ते ओझं घ्यायचंच कशाला? पेन आपल्याच हातात असतो.

मी केलं ते एवढंच. फुगलेला आणि कोरा वायसर शेजारी ठेवून काढलेला फोटो, ओल्या कागदावर ठेवलेल्या पंपाचा व्हिडिओ, बिल आणि वहीचं पान कंपनीच्या ईमेलवर पाठवलं. मागणी स्पष्ट लिहिली: बुडाचा पूर्ण भाग बदलून द्या, नाहीतर पैसे परत. उत्तर आलं नाही तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून आदेश निघत नाही, कंपनीला फक्त विचारणा जाते. पण ती गेल्यावर मात्र तोपर्यंत वहीत नुसता साचणारा लॉट नंबर कोणीतरी वाचला. दसरा उलटल्यावर बुडाचा नवा संच आला. खाच खोल, आणि वायसर वेगळ्या, जरा कडक रबराचा. म्हणजे खरा इलाज कंपनीकडे होता. आधी स्वस्तातला देऊन कोण गप्प बसतं ते पाहिलं जात होतं, असं माझं मत. पुरावा नाही, पण मत आहे.

नव्या बुडावर तुरीची शेंगा पोखरणाऱ्या अळीची आणि हरभऱ्याची घाटेअळीची फवारणी झाली. थेंब नाही. प्रत्येक वेळी औषध घालण्याआधी साधं पाणी भरून कागदावर ठेवून पाहतो, आणि तुमचा पंप कोणत्याही कंपनीचा असला तरी हे करा. गड्यानं तो पुन्हा पाठीवर घ्यायला आढेवेढे घेतले, ते साहजिकच होतं. पहिल्या दिवशी मीच मारला.

घ्यावा का? मोटर आणि दाब पाहता होय, बूड पाहून. दुकानातच टाकीत पाणी घालून दाखवायला सांगा, केंद्रवाला तोंड वाकडं करील, करू द्या. जुन्या लॉटचा माल अजून दुकानांत आहे. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी वायसरची पुडी अवश्य घ्यावी, पण नवा संच मागणं सोडू नये. टॉनिक घेऊन घरी येऊ नये.

एक बाब अजून लटकलेली आहे. पंपाची सहा महिन्यांची वॉरंटी डिसेंबरमध्ये संपली. नवा संच बसवल्या तारखेपासून त्याची वॉरंटी वेगळी धरणार की नाही, असं लेखी विचारलं आहे. फोनवर “हो हो, धरू” म्हणतात. ईमेलचं उत्तर आलं नाही.