रत्नागिरीची खोली आणि ‘रिफंड’चा क्यूआर

शनिवारी पहाटे कोल्हापुरातून निघायचं, मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत हातखंब्यावरून रत्नागिरीला यायचं, दुपारी सुरमईच्या ताटावर बसायचं आणि रविवारी रात्री घाट चढून घरी. हा बेत आपल्याकडं घरोघरी शिजतो, म्हणून हे लिहितोय. आमच्या दाजींचे यात 18,003 रुपये गेले. त्यातले खोलीच्या नावाने गेलेले कमीच. मोठी रक्कम गेली ती पैसे परत मिळवताना.

दाजींचा उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना आहे. त्यांनी मॅपवर रत्नागिरीतल्या मांडवी किनाऱ्याजवळचं एक लॉज शोधलं. लॉज खरं, लोकांचे अभिप्राय खरे, फक्त फोन नंबर भलत्याचाच. मॅपवरच्या नोंदीत बदल कुणीही सुचवू शकतं. मालकाने ती नोंद स्वतःच्या ताब्यात घेतलेली नसेल, तर आपल्या दारात दुसऱ्याचा नंबर लागलाय हे त्याला कळतही नाही.

फोनवरचा माणूस भलता नम्र. “सर, दोनच रूम शिल्लक आहेत, दोन्ही सी-फेसिंग.” दोन खोल्यांचे 6,000, नाष्टा धरून. दर सीझनपेक्षा किंचितच कमी. फार स्वस्त सांगितलं असतं तर दाजी तिथंच सावध झाले असते, धंद्यातला माणूस आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो आले, बिल आलं, त्यावर जीएसटी नंबर आणि खाली गोल शिक्का. दाजींनी निम्मे म्हणून 3,000 पाठवले. पाच मिनिटांत परत फोन. “सर, सिस्टिम राऊंड फिगर घेत नाही. बुकिंग नंबर पडायला 3,001 पाठवा, आधीचे 3,000 आपोआप रिटर्न होतील.” आता ऐकायला हे हास्यास्पद वाटतं. पण घरात पोरं बॅगा भरतायत, ताई स्वयंपाकघरातून “झालं काय हो बुकिंग?” म्हणून दोनदा विचारून गेलीय, अशा वेळी एका रुपयाच्या भानगडीवर कोण डोकं लावणार? 3,001 गेले.

सकाळी लॉजवर पोचलो तर खोल्या भरलेल्या आणि आमच्या नावाची नोंद नाही. मालक वयस्क, शांत. दाजींनी मोबाईलवरचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “हा आमचा समुद्र नाहीच हो.” रत्नागिरीकर मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र म्हणतात आणि मांडवीला काळा. मांडवीची वाळूच काळपट आहे. फोटोतली वाळू मीठ सांडल्यासारखी पांढरीशुभ्र, पाणी निळंगार, नारळ आडवा झुकलेला. तो कुठल्या देशातला किनारा होता देव जाणे.

इथंच थांबलो असतो तर 6,001 वर भागलं असतं. पण दाजींनी गाडीत बसून तोच नंबर लावला. आणि त्याने उचलला! ह्याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. फसवणारा फोन बंद करून पळतो अशी आपली समजूत. हा पळाला नाही, माफी मागायला लागला. “सॉरी सर, स्टाफची चूक झाली, पूर्ण रिफंड देतो. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा.” दाजींच्या दुसऱ्या मोबाईलवर तो कोड उघडला, यूपीआयने स्कॅन केला. स्क्रीनवर रक्कम आली 6,001. बरोब्बर आपलीच रक्कम! मी म्हटलं, “दाजी, थांबा जरा.”

“अरे, परत द्यायलाय की त्यो. रक्कम बघ की.”

पिन टाकला, 6,001 गेले. तिकडून लगेच, “सर, सर्व्हर फेल दाखवतंय, अजून एकदा करा, दोन्ही मिळून येतील.” पुन्हा पिन, पुन्हा 6,001. त्यानंतर तो एक अॅप घ्यायला सांगू लागला, स्क्रीन त्याला दिसावी म्हणून. तेव्हा ताईने मागच्या सीटवरून हात घालून फोनच काढून घेतला. ते अॅप घेतलं असतं तर खात्यात काय उरलं असतं याचा विचार नको.

यूपीआयचा पिन फक्त पैसे जाताना लागतो (आणि शिल्लक बघताना). येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही. कारखान्यात दिवसभर यूपीआयवर पैसे घेणाऱ्या दाजींना हे माहीत नव्हतं असं नाही. ओळखीची रक्कम समोर दिसली की मन ती आपली मानून मोकळं होतं, आणि त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं.

तिथूनच 1930 लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय नंबर आहे, कुठल्याही गावातून चालतो. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँक विचारतात, त्यामुळे स्टेटमेंट आधी उघडून ठेवा आणि चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते तिथंच गोठवता येतात. आमचे शेवटचे 6,001 असे अडकलेत. आधीचे निघून गेले होते. तीन दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान ग्राहकावर येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम बँकेत सांगून बघितला. त्यांचं म्हणणं, तो खातेदाराच्या नकळत झालेल्या व्यवहारांना आहे, इथं पिन खातेदारानेच टाकलाय.

खोली ठरवताना आता आम्ही मॅपवरच्या नंबरावर विसंबत नाही. हॉटेलची स्वतःची वेबसाइट असेल तर तिथला नंबर ताडून बघतो, नाहीतर रत्नागिरीतल्या ओळखीच्याला विचारतो. फोनवर “हातखंब्यावरून कसं यायचं?” एवढं विचारलं तरी बरंच कळतं. या भामट्याला ताईने हेच विचारलं होतं, तर “लोकेशन पाठवतो मॅडम” म्हणून विषय संपवला होता.

परवा दाजींना नवा फोन आला. “सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फाइल चार्ज 500 भरा.” नाव, रक्कम, तारीख सगळं बरोबर सांगत होता. दाजींनी कोल्हापुरातल्या सायबर पोलीस ठाण्यात विचारलं. तिथून कुणीच फोन केला नव्हता.