एक सर्व्हर, बारा मशीन आणि चौघे वाटेकरी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दारव्ह्यात राहून आम्ही चौघे जिनिंग कारखान्यांसाठी काटापट्टी आणि शेतकऱ्यांच्या चुकाऱ्याचे सॉफ्टवेअर तयार करतो. मागील ऑक्टोबरात, कापसाचा हंगाम तोंडावर असताना, १२८ जीबी मेमरी आणि १६ कोअर असलेला एक वापरलेला सर्व्हर घेतला, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) बसवले आणि स्वयंचलित चाचण्यांसाठी प्रत्येकी ८ जीबी मेमरीची बारा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असे आभासी संगणक, उभी केली. चाचण्या आपोआप चालवण्याचे काम जेनकिन्स या सॉफ्टवेअरकडे आहे.

लिंक्ड क्लोनची सोय मला सर्वांत उपयोगी वाटली. मूळ टेम्प्लेटची, म्हणजे नमुना मशीनची, डिस्क सर्वांना सामायिक राहते आणि प्रत्येक क्लोन (त्याची प्रत) केवळ स्वतःचे बदल लिहितो, त्यामुळे नवे मशीन काही सेकंदांत तयार होते आणि चाचणी संपल्यावर ते टाकून देताना जिवावर येत नाही.

प्रोसेसर असलेल्यापेक्षा वाढवून वाटला तरी निभते. मेमरी तशी वाटली तर निभत नाही, हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. बारा मशीनना चार-चार कोअर दिले तेव्हा बेरीज ४८ झाली, म्हणजे सर्व्हरच्या ३२ थ्रेडपेक्षा (प्रत्येक कोअर एकाच वेळी दोन कामे धरतो, ती थ्रेड) जास्त, तरी चाचण्या थोड्या रेंगाळण्यापलीकडे काही बिघडले नाही. उत्साहाच्या भरात मशीन अठरा केली, तेव्हा मात्र मध्यरात्रीच्या फेरीत एखादे मशीन मध्येच नाहीसे होऊ लागले. जेनकिन्स फक्त संपर्क तुटल्याचे सांगत होते आणि आम्ही दोन दिवस आपल्याच प्रोग्राममधली चूक शोधत बसलो. शेवटी सर्व्हरची नोंदवही उघडली, तर मेमरी संपल्यामुळे लिनक्सने त्या मशीनची प्रक्रियाच मारून टाकल्याचे दिसले. आम्ही पुन्हा बारावर आलो.

मशीन चौघांत वाटण्यासाठी जेनकिन्सचे लॉकेबल रिसोर्सेस हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) वापरतो. ज्याला मशीन हवे त्याने कुलूप घ्यायचे आणि काम झाले की सोडायचे, इतका साधा हिशेब. अडकलेली चाचणी मशीन अडवून ठेवू नये म्हणून ४० मिनिटांची कालमर्यादा घातली, पण ती कुलपाच्या बाहेर लिहिली गेली. परिणामी रांगेत थांबलेला वेळही मर्यादेत मोजला जाऊ लागला आणि गर्दीच्या दिवशी काही चाचण्या सुरू होण्याआधीच रद्द झाल्या. कुलूप बाहेर आणि कालमर्यादा आत असा क्रम केला आणि सकाळची कुरबुर थांबली.

डिस्कच्या बाबतीत दोष सर्वस्वी माझा. एलव्हीएम-थिन पूलवर, म्हणजे सर्व मशीनच्या डिस्कसाठीच्या सामायिक साठ्यावर, प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा मशीनना कबूल करता येते, आणि आम्ही ती सढळ हाताने केली होती. जुने स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या वेळच्या स्थितीच्या जतन केलेल्या नोंदी) साचत गेले, मशीनच्या आत पुसलेल्या फाइलींची जागा पूलकडे परत जात नव्हती, कारण डिस्कवर ती जागा परत करणारा डिस्कार्डचा पर्याय मी चालूच केला नव्हता. जानेवारीतल्या एका सोमवारी पूल १०० टक्के भरला आणि सगळ्या मशीनना एकाच वेळी लिहिण्याच्या त्रुटी येऊ लागल्या. त्याच दिवशी एका जिनिंगला सुधारित आवृत्ती द्यायची होती; ती आम्ही हाताने तपासून दिली. आता पूल ८० टक्क्यांवर गेला की चौघांच्याही मोबाइलवर संदेश येतो.

विजेचा आणि उन्हाचा विचार मात्र आपल्याकडे स्वतंत्रपणे करावाच लागतो. वीज परतल्यावर बाराही मशीन एकदम सुरू झाली की डिस्क गुदमरते. प्रॉक्समॉक्समध्ये सुरू होण्याचा क्रम आणि दोन मशीनमधले अंतर ठरवता येते, ते आम्ही ६० सेकंद ठेवले आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी मोठी फेरी लावत नाही. कूलरच्या दमट हवेत सर्व्हर ठेवणे मला धोक्याचे वाटले, म्हणून तो आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवला, आणि जूनपर्यंत सगळ्या लांब चाचण्या रात्री दहानंतरच चालल्या.